चित्रकार आजोबांची व्यक्तिचित्रं वाड्यातल्या संग्रहालयाला देताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा गावातले चित्रकार होते. १९४५ ते १९८० या काळात त्यांनी गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या माणसांची तैलचित्रं केली. १९८६ साली ते गेले. त्यांची चाळीसेक व्यक्तिचित्रं आज घराच्या माळ्यावर आहेत. गावातल्या इनामदारांच्या जुन्या वाड्यात आता संग्रहालय आहे, ते एक विश्वस्त मंडळ चालवतं आणि चित्रं घ्यायला तयार आहे. ती कशी द्यावीत, काय अटी घालाव्यात, वाड्याच्या ओलीत ती टिकतील का, आणि आजोबांच्या नावाचं स्वतंत्र दालन मागावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

द्यायचं ठरवलंत ते योग्यच आहे. माळ्यावरची उष्णता आणि पावसाळी दमट हवा आळीपाळीने सोसून कॅनव्हास फार काळ राहत नाही. पण टेम्पो बोलावण्याआधी एक काम करा, कारण ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच करता येणार नाही. प्रत्येक चित्रात कोण आहे ते लिहून काढा.

संग्रहालयांच्या कोठारांत चित्रांच्या नोंदी आणि जतन ही दोन्ही कामं मी वर्षानुवर्षं करते आहे. फाटलेला कॅनव्हास जोडता येतो, उडालेला रंग बसवता येतो. पण ‘अनोळखी गृहस्थ, पगडीधारी’ एवढीच नोंद असलेल्या चित्रापुढे आमचं सगळं कौशल्य संपतं. ते चित्र कुणीतरी मोठ्या हौसेनं किंवा कृतज्ञतेनं संग्रहालयाला दिलेलं असतं. देणाऱ्याला समोरचा चेहरा इतका ओळखीचा असतो की नाव लिहायची गरजच वाटत नाही. पुढे देणारा जातो, स्वीकारणारे विश्वस्त बदलतात आणि चित्रातला माणूस बेवारस होतो. तुमच्या आजोबांनी ज्यांना समोर बसवलं त्यांना लहानपणी पाहिलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे असतील. म्हणून घाई करायची ती इथे करा, बाकी सगळ्याला वेळ आहे.

ओळख पटवायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक चित्राचा चांगल्या उजेडात फोटो काढा, ए-फोर आकारात छापा आणि ते कागद घेऊन घरोघरी जा. मोबाईलच्या पडद्यावर दाखवू नका, म्हाताऱ्या डोळ्यांना त्यातलं नीट दिसत नाही. सगळ्यांना एकत्र बोलावूनही विचारू नका. चारचौघांत जो ठामपणे आधी बोलतो त्याचंच बाकीचे उचलून धरतात. एकेकाला वेगळं गाठा, बोलणं रेकॉर्ड करा आणि नावापुढे ते कुणी सांगितलं, सांगणाऱ्याचं त्या व्यक्तीशी नातं काय आणि कोणत्या तारखेला सांगितलं तेही लिहा. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहून ठेवा. तुमच्या मनाला पटलेलं एकच ठेवून दुसरं खोडलंत, तर पुढच्या अभ्यासकाचा मार्ग बंद होतो.

बायकांच्या चित्रांकडे अधिक लक्ष द्या. ‘अमक्यांच्या पत्नी’, ‘तमक्यांच्या मातोश्री’ इथे माहिती थांबते, आणि ज्या बाईनं तासन् तास स्थिर बसून चित्र करून घेतलं तिचं नाव कुठेच नसतं. सासरचं नाव, माहेरचं नाव, घरात हाक मारायचे ते नाव, जे मिळेल ते सगळं लिहा. यासाठी त्या घरातल्या लेकी-सुनांना आणि माहेरवाशिणींना विचारावं लागतं. पुरुषांना बऱ्याचदा ठाऊकच नसतं.

सांगणारं कुणीच उरलं नसेल तर चित्राकडे वळा. पगडीची घडण, फेट्याचा पेच, उपरणं, कोटावरचं रावबहादूर किंवा रावसाहेब किताबाचं पदक, हातातली काठी किंवा पुस्तक, यांतून प्रदेश, हुद्दा, काळ यांचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण बरेच चित्रकार कोट, शाल, खुर्ची, पडदा असं सामान स्वतःकडे ठेवत आणि बसणाऱ्याच्या अंगावर किंवा मागे तेच रंगवत. तीच कोरीव खुर्ची पाच चित्रांत दिसली तर ती आजोबांची समजा. चित्राची मागची बाजूही पाहायची. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणून बसवतात त्या चौकटीच्या, लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं नाव, मोडीतली एखादी ओळ, फ्रेम करणाऱ्याच्या दुकानाची चिठ्ठी, हे सगळं पुरावा आहे. जुनं स्ट्रेचर खराब झालं म्हणून टाकून देऊ नका.

आणि आजोबांची टेबलाची खणं रिकामी करताना जपून. व्यक्तिचित्रकार अनेकदा फोटोवरून काम करत. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखायच्या आणि चेहरा उतरवायचा. असे चौकटी आखलेले फोटो, पैशांच्या नोंदीची वही, गिऱ्हाइकांची पत्रं, रंगांच्या खरेदीच्या पावत्या घरात असतील तर ती चित्रांबरोबर द्या. माझ्या मते या कागदांशिवाय दिलेली चाळीस चित्रं आणि कागदांसकट दिलेली पंधरा, यांत पंधराचीच देणगी मोठी ठरेल.

गोव्याच्या आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांचं उदाहरण इथे आठवतं. सांग्यात १८७० साली जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, तिथेच शिकवू लागला आणि १९३५ साली वारला. त्यांनी पत्नी फ्लोरेंतिना आणि मुलांची चित्रं वारंवार केली. मुलगी अँजेला पुढे स्वतः नामवंत चित्रकार झाली. कुटुंबाकडे राहिलेली त्यांची चित्रं आज पणजीत फंडासांव ओरिएंत या संस्थेच्या संग्रहात एकत्र आहेत. ती पाहताना आपण ‘एक स्त्री’ पाहत नाही, फ्लोरेंतिनाला पाहतो. कुटुंबानं नावं सांभाळली म्हणून हे होऊ शकलं.

आता चाळीसही चित्रं वाड्याला द्यावीत का? मला विचाराल तर नाही. ऐतिहासिक वास्तूतलं संग्रहालय आणि कलादालन या दोन वेगळ्या जागा आहेत. कलादालनात चित्र स्वतःच्या गुणावर भिंतीवर लागतं. वाड्यात मात्र त्या वास्तूशी त्याचं काहीतरी नातं लागतं. वाड्यातले कारभारी, पूजा सांगणारे गुरुजी, तालमीतले वस्ताद, वाड्यावर पाणी भरणारी बाई, इनामदारांनी काढलेल्या शाळेतले मास्तर, अशी चित्रं आजोबांच्या संग्रहात असतील तर ती तिथे सोन्यासारखी आहेत. जुन्या वाड्यांत मालकांच्या तसबिरी असतातच. त्या घराचा रोजचा गाडा ज्यांनी ओढला त्यांचे चेहरे मात्र क्वचित दिसतात, आणि गावातला चित्रकारच ते देऊ शकतो. पण दूरच्या शहरातल्या एखाद्या व्यापाऱ्याचं चित्र, कितीही सुंदर असलं तरी, वाड्याच्या कोठारातच पडून राहील. विश्वस्तांबरोबर बसून बारा-पंधरा निवडा.

आपल्याकडे चित्रकाराचा वारसा गावात ठेवण्याचे निरनिराळे मार्ग लोकांनी काढले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली औंधलाच श्री भवानी चित्रसंग्रहालय उभं केलं. पंडित सातवळेकर त्याच औंधात बरीच वर्षं राहिले. लोक त्यांना वेदांचे अभ्यासक म्हणून ओळखतात, पण ते जे. जे.मध्ये शिकलेले व्यक्तिचित्रकारही होते. कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यासारख्या स्थानिक चित्रकारांची कामं टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात पाहायला मिळतात. चित्रपट अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी तर राजारामपुरीतलं आपलं राहतं घरच चित्रांसह शासनाला दिलं. ते आज त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे आणि त्यांच्या पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या रंगाच्या पावडरनं केलेली, कामं पाहायला लोक तिथे जातात. यांतला कोणताही मार्ग तुमच्यासाठी जसाच्या तसा लागू नाही, पण चित्र जिथे निर्माण झालं त्या मातीत राहिलं की त्याला पाहणारी माणसं त्याच्याशी बोलतात, हे या सगळ्या ठिकाणी मी पाहिलं आहे.

मालकीचा मुद्दा मात्र सोडवल्याशिवाय एकही चित्र हलवू नका. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर चित्रांवर सगळ्या वारसांचा हक्क आहे. म्हणजे तुमच्या काकांचा आणि आत्यांचाही. लग्न होऊन गेलेल्या आत्यांना ‘त्या काही बोलणार नाहीत’ म्हणून गृहीत धरलं जातं आणि वाद नेमका तिथूनच उभा राहतो. प्रत्येकाची लेखी संमती घ्या. दुसरं, चित्रकाराच्या घरी राहिलेली चित्रं सगळी त्याच्याच मालकीची असतात असं नाही. पैसे देऊन करून घेतलेलं, पण न्यायचं राहून गेलेलं चित्र त्यांत असू शकतं. वहीत पैसे मिळाल्याची नोंद सापडली तर त्या कुटुंबाला आधी भेटा. बहुतेक लोक आनंदानं संमती देतात, काही जण चित्र मागतात, आणि मागितलं तर ते त्यांना द्यायला हवं.

देणगीचा कायदा गुंतागुंतीचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे जंगम वस्तूची देणगी नोंदणीकृत दस्तानं किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन होते, आणि देणारा हयात असताना ती स्वीकारली जावी लागते. म्हणून तोंडी ‘घेतो की’ यावर थांबू नका. विश्वस्त मंडळाच्या सभेत ठराव, त्याची प्रत तुमच्याकडे, मग देणगीपत्र आणि त्याला जोडलेली यादी. यादीत प्रत्येक चित्राचं माप, माध्यम, चित्रातली व्यक्ती, सही कुठे आहे, आजची स्थिती आणि छोटा फोटो. संग्रहालयानं प्रत्येकाला नोंद क्रमांक द्यायला हवा. सोपी रीत म्हणजे वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी आणि त्यातली कितवी वस्तू, उदाहरणार्थ २०२५.४.१. हा क्रमांक स्ट्रेचरच्या लाकडावर मऊ पेन्सिलीनं लिहायचा. कॅनव्हासच्या मागे पेनानं कधीच लिहायचा नाही, शाई पुढे झिरपते आणि दाबाचा वळ रंगावर उमटतो. प्राप्तिकरात सूट मिळेल ही आशा ठेवू नका, वस्तुरूप देणगीला ती सूट लागू होत नाही.

अटींबाबत माझं मत स्पष्ट आहे. ‘सर्व चित्रं कायम प्रदर्शित ठेवावीत’ ही अट घालू नका. कायम उजेडात राहिलेलं चित्र लवकर थकतं. दर काही महिन्यांनी चार उतरवून दुसरी चार लावणं त्यांच्याच भल्याचं असतं. कायद्यानंही ती अपेक्षा फारशी टिकत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराच्या नैतिक हक्कांचं (आपलं नाव लागावं, कामाची मोडतोड होऊ नये अशा हक्कांचं) रक्षण करतं, पण कलाकृती प्रदर्शित न करणं हा त्या हक्कांचा भंग नव्हे, असं तिथेच म्हटलं आहे. त्याऐवजी या गोष्टी मागा: चित्रं विकू नयेत. प्रत्येक पाटीवर आणि छापील मजकुरात चित्रकाराचं व चित्रातल्या व्यक्तीचं नाव असावं. दुरुस्ती प्रशिक्षित जतनकाराकडूनच व्हावी. कुटुंबाला आधी कळवून चित्रं पाहता यावीत. आणि संग्रहालय बंद पडलं तर चित्रं दुसऱ्या सार्वजनिक संग्रहालयाकडे जावीत, ते न जमल्यास कुटुंबाकडे परत यावीत. ही शेवटची अट सगळ्यात मोलाची. छोटी विश्वस्त मंडळं माणसांवर चालतात आणि ती माणसं गेली की वाड्याला कुलूप लागतं. ठरावीक घटना घडल्यास देणगी रद्द होईल असं दोन्ही बाजूंना आधीच ठरवता येतं, फक्त ती घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. मजकूर वकिलाकडून तपासून घ्या.

चित्र दिलं म्हणजे कॉपीराइट दिला असं होत नाही. आजोबा १९८६ साली गेले, म्हणजे त्यांच्या कामांवरचा हक्क २०४६ सालच्या अखेरीपर्यंत आहे. मात्र कुणी मोबदला देऊन करवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे असतो. आजोबांनी आपखुशीनं केलेल्या चित्रांचा हक्क वारसांकडे. संग्रहालयाला पाट्या, माहितीपत्रक, संकेतस्थळ यांसाठी छायाचित्रं वापरण्याची लेखी परवानगी देऊन टाका. दिनदर्शिका, कप, छापील प्रती असा विक्रीचा वापर करायचा असेल तर त्यांनी वेगळं विचारावं.

आता वाडा. ‘टिकतील का’ याचं उत्तर वाड्याच्या कोणत्या भिंतीवर लावता यावर आहे. जुन्या दगड-मातीच्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. गिलाव्याला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागलेला दिसतो तिथपर्यंत ती ओल पोचलेली आहे असं समजा. तळमजल्यावर लोणा असलेल्या भिंतीवर चित्र नको. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत नको. माळवद (मातीचं सपाट छप्पर) गळत असेल तर त्याखालची तर अजिबात नको. आतल्या बाजूच्या, दोन खोल्यांमधल्या भिंती सगळ्यात सुरक्षित. वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना असेल तर तिथल्या आतल्या भिंती पाहा. नुकता चुना दिलेल्या भिंतीवर लगेच काही टांगू नका, ती पूर्ण वाळू द्या.

कॅनव्हास भिंतीला चिकटता कामा नये. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावून दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते. मागची बाजू पातळ कोरुगेटेड प्लास्टिकच्या पत्र्यानं झाका. त्यामुळे कोळिष्टकं, गांधीलमाशीची घरटी आणि धूळ अडते. प्लायवूड ठोकू नका. त्यातून आम्ल वायू निघतात आणि वाळवीला ते आमंत्रण असतं. टांगायला सुतळी नको, कुजते. दोन वेगळ्या हुकांवर पितळी किंवा स्टीलच्या तारेनं टांगा.

हवेतल्या दमटपणाचा एक आकडा कायम टिपत राहा. साधा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. आपल्या पावसाळ्यात ती सहज त्याहून वर जाते आणि उन्हाळ्यात पठारावर अगदी खाली येते. या चढउतारानं कॅनव्हास सैल पडतो, पुन्हा ताणला जातो आणि रंगाला बारीक भेगा पडतात. वातानुकूलन बसवून दिवसा चालू, रात्री बंद ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण त्यानं रोज दोनदा तोच धक्का बसतो. त्यापेक्षा भरपावसात खिडक्या बंद आणि उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, ही जुन्या वाड्यांची रीतच उपयोगी पडते. तैलचित्रावर १५० ते २०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको. जलरंग, कोळशाची चित्रं किंवा जुने फोटो असतील तर ५० लक्स. चौकातून येणारी उन्हाची तिरीप दिवसातल्या कोणत्याही वेळी चित्रावर पडत नाही ना, हे वेगवेगळ्या ऋतूंत पाहावं लागतं.

हार आणि कुंकू यांबद्दल मी प्रत्येक ठिकाणी सांगते. गेलेल्या माणसाचं चित्र दिसलं की आपले हात आपोआप जोडले जातात. पुण्यतिथीला हार घातला जातो, कपाळाला गंध लावलं जातं, खाली उदबत्ती पेटते. ही भावना मला परकी नाही आणि ती थांबवावी असंही वाटत नाही. पण ओल्या फुलांचं पाणी, कुंकवाचा रंग आणि धुराची काजळी तैलरंगावरून सहजी निघत नाही. हार अडकवायला फ्रेमला ठोकलेल्या खिळ्यानं कॅनव्हास फाटलेला मी पाहिला आहे. चित्राची चांगली छापील प्रत फ्रेम करून वाड्याच्या ओसरीवर ठेवावी आणि हार-गंध त्या प्रतीला करावं. कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांशी हे आधीच बोलून ठेवा.

हलवण्याआधी चित्रं ‘जरा स्वच्छ’ करू नका. ओलं फडकं, बटाट्याची फोड, रॉकेल, साबण, यांतलं काहीही नको. चमक यावी म्हणून जवसाचं तेल फिरवायची जुनी सवय तर फार नुकसान करते. ते तेल धूळ धरतं, काळवंडतं आणि पुढे रंग न दुखवता काढणं कठीण होऊन बसतं. रंग पक्का असेल तर मऊ, कोरड्या ब्रशनं वरवरची धूळ झटका, पोपडे सुटलेले दिसले तर तेही नको. अशी चित्रं फोटोसह जतनकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतनाचं केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते. नेण्यासाठी थंडीचे महिने निवडा. बबल रॅप थेट रंगावर लावू नका, त्याच्या गोळ्यांचे ठसे उमटतात. आधी आम्लरहित पातळ कागद, मग बाकीचं वेष्टण. चित्रं उभी न्या, एकावर एक रचून नको.

राहिला दालनाचा प्रश्न. मागू नका. छोट्या वाड्यात नावाचं दालन म्हणजे एक खोली कायमची अडकते, आणि विश्वस्तांना उद्या मांडणी बदलावीशी वाटली तर तुमच्या कुटुंबाशी कटुता येते. त्याऐवजी आजोबांचं ईझल (चित्र ठेवायची घोडी), रंगांची पेटी आणि ती कोरीव खुर्ची एका कोपऱ्यात ठेवता येईल का ते विचारा. शेजारी एक पाटी असावी, त्यावर ते कुठे शिकले, कुठे बसून काम करत, कुणाकुणाला रंगवलं, हे लिहावं. निवडीत न आलेल्या चित्रांसाठी त्या त्या घरांशी बोला. आपल्या पणजोबांचं चित्र कुठेतरी आहे हे पुष्कळांना माहीतही नसतं. जी चित्रं कुणीच नेणार नाही ती माळ्यावरून उतरवून घरातल्या कोरड्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पट्ट्यांवर उभी ठेवा. त्यांची यादी आणि फोटो मात्र संग्रहालयाच्या नोंदवहीला जोडायला द्या, म्हणजे आजोबांचं काम शोधत येणाऱ्याला उरलेली चित्रं कुणाच्या घरी आहेत ते कळेल.